सह्याद्रीच्या माथ्यापलीकडील वाईनरी : उंची, थंडी आणि वाईन पर्यटन
(उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरातील पर्यटकाच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :

थंड व उंच प्रदेशातील वाईनरींना भेट देणे हा जगभर पर्यटनाचा एक प्रस्थापित प्रकार झाला आहे. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्याचे पठार होय. प्रस्तुत लेखात उंची व थंडी यांचा द्राक्षावर होणारा परिणाम, नाशिकमधील वाईन उद्योगाची वाटचाल, वाईनरी भेटीचे स्वरूप आणि उल्हासनगर परिसरातून होणारा प्रवास यांचा परामर्श घेतला आहे. नाशिकच्या वाईनला लागणारी थंडी केवळ उंचीने मिळालेली नसून ती शेतकऱ्याच्या छाटणीच्या वेळापत्रकातून साधलेली आहे. त्यामुळे वाईन पर्यटनाच्या उत्पन्नात द्राक्ष उत्पादकाचा वाटा असणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : वाईन पर्यटन, द्राक्षशेती, नाशिक, कसारा घाट, करार शेती, कृषी पर्यटन.

१. प्रस्तावना

पर्यटन म्हणजे केवळ देवदर्शन किंवा थंड हवेच्या ठिकाणी घालवलेली सुटी, ही कल्पना आता मागे पडली आहे. पीक कसे येते, त्यापासून पदार्थ कसा तयार होतो आणि तो कोणाच्या श्रमातून आपल्यापर्यंत पोहोचतो हे पाहण्यासाठीही लोक प्रवास करू लागले आहेत. वाईन पर्यटन हा अशा पर्यटनाचा एक प्रकार होय. अर्जेंटिनातील अँडीजच्या उतारावर, स्वित्झर्लंडमधील आल्प्सच्या कुशीत किंवा चीनच्या युन्नान प्रांतातील मेकाँग नदीच्या खोऱ्यात डोंगरावरच्या वाईनरी पाहण्यासाठी पर्यटक दूरवरून येतात.

भारतात उंच व थंड प्रदेशात द्राक्षे नाहीत असे नाही. हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यातील रिब्बा हे गाव द्राक्षांसाठी आणि त्यांपासून घरगुती पद्धतीने केल्या जाणाऱ्या ‘अंगूरी’साठी ओळखले जाते. मात्र पर्यटकाला रीतसर पाहता येतील अशा वाईनरी मोठ्या संख्येने एकत्र आढळतात त्या महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांतील रहिवाशांच्या दृष्टीने हा प्रदेश एका घाटापलीकडे आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेतून निघालेला प्रवासी कसारा घाट चढून काही तासांत सुमारे ६०० मीटर उंचीच्या पठारावर पोहोचतो. या जवळिकीमुळे सदर विषयाचा अभ्यास स्थानिक दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) उंची व थंडी यांचा वाईनच्या द्राक्षावर होणारा परिणाम समजून घेणे.
२) नाशिक परिसरातील वाईन उद्योगाच्या वाटचालीचा आढावा घेणे.
३) वाईनरी भेटीचे स्वरूप, योग्य हंगाम व प्रवासाची साधने स्पष्ट करणे.
४) वाईन पर्यटन आणि द्राक्ष उत्पादक शेतकरी यांच्यातील संबंधाची चिकित्सा करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी द्वितीयक स्वरूपाच्या माहितीवर आधारलेली आहे.

३. उंची, थंडी आणि द्राक्षमणी

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसे हवेचे तापमान दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने कमी होते. या हिशेबाने समुद्रसपाटीलगतचे उल्हासनगर आणि सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिक यांच्या तापमानात केवळ चार अंशांचा फरक असावा. जानेवारीच्या पहाटे प्रत्यक्षात जाणवणारा फरक मात्र याहून अधिक असतो. त्याचे कारण केवळ उंचीत नाही. समुद्राजवळची दमट हवा रात्री उष्णता धरून ठेवते. याउलट पठारावरील कोरडी हवा व निरभ्र आकाश यांमुळे सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने थंड होते. हिवाळ्यात नाशिकला दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास असले तरी पहाटे ते १० अंशांच्या जवळ येते. निफाड तालुक्यात तर थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत.

दिवस व रात्र यांच्या तापमानातील हा फरक वाईनसाठी निर्णायक असतो. दिवसाच्या उन्हात पाने साखर तयार करतात आणि ती घडात साठते. मण्यात पाणी उतरू लागल्यानंतर त्यातील मॅलिक आम्ल श्वसनक्रियेत खर्च होऊ लागते. हवा जितकी उष्ण तितका हा खर्च अधिक असतो. रात्र थंड असेल तर आम्ल टिकून राहते. साखर पुरेशी व आम्लही शाबूत, अशा द्राक्षापासून चव संतुलित असलेली वाईन तयार होते. साखर आहे पण आम्ल नाही अशा द्राक्षाची वाईन बेचव व जड लागते. खाण्याच्या द्राक्षात ग्राहकाला गोडी हवी असते, तर वाईनच्या द्राक्षात गोडी व आंबटपणा यांचा मेळ हवा असतो.

उंचीचा दुसरा परिणाम सूर्यप्रकाशाशी संबंधित आहे. दर १००० मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. त्यापासून संरक्षण म्हणून मण्याची साल जाड होते व तिच्यात रंगद्रव्ये अधिक साठतात. अर्जेंटिनाच्या साल्ता प्रांतातील कोलोमे वाईनरी सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे आणि तिची सर्वांत उंच बाग ३१११ मीटरवर आहे. तेथील लाल वाईनचा गडद रंग या कारणाने सांगितला जातो. नाशिकची उंची त्या मानाने मध्यम आहे. त्यामुळे अतिनील किरणांचा हा लाभ येथे मर्यादित असून थंड रात्रींचा लाभ मुख्य आहे.

येथे पर्जन्यमानाचाही विचार करणे क्रमप्राप्त आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेकडील नाशिक शहराला तो ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. अति पाऊस व दमटपणा यांमुळे वेलीवर केवडा रोगाचा प्रादुर्भाव होतो. म्हणून बहुतेक बागा सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर नसून त्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत, दिंडोरी, निफाड व नाशिक तालुक्यांत आहेत. तात्पर्य, केवळ उंची असून भागत नाही, तिच्या जोडीला कोरडा हंगाम असावा लागतो.

४. दोन छाटण्यांचे कालगणित

युरोपातील थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात पानगळ होऊन सुप्तावस्थेत जाते, वसंतात फुटते आणि शरद ऋतूत फळ देते. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने वेलीला झोपवणारी कडाक्याची थंडी येथे पडत नाही. वेल बारमाही वाढत राहते. अशा वेलीला वळण लावण्यासाठी येथील शेतकरी वर्षातून दोन छाटण्या घेतो. काढणीनंतर एप्रिलमध्ये ‘खरड छाटणी’ केली जाते. तिच्यातून नव्या काड्या तयार होतात व त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील घडांची निर्मिती होते. पावसाळा सरत आल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘गोडी छाटणी’ म्हणजेच फळछाटणी केली जाते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला हायड्रोजन सायनामाईड लावले जाते. त्यानंतर साधारणतः साडेचार ते पाच महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते मार्च या काळात, वाईनची द्राक्षे काढणीस येतात. फेसाळ वाईनसाठी आम्ल अधिक हवे असल्याने ती द्राक्षे आणखी आधी तोडतात.

या वेळापत्रकाचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. युरोपात द्राक्ष पिकते ते उन्हाळ्याच्या अखेरीस, तर नाशिकमध्ये ते ऐन हिवाळ्यात पिकते. वर्षातील सर्वांत थंड रात्री आणि मणी पक्व होण्याचा काळ यांची गाठ शेतकऱ्याच्या कात्रीने घातलेली असते. अन्यत्र पर्वताच्या उंचीने जे साधते, ते येथे मध्यम उंची व अचूक छाटणी या दोहोंनी मिळून साधते. म्हणूनच नाशिकच्या वाईनमधील थंडी ही निसर्गाइतकीच श्रमाची देणगी आहे, असे म्हणता येईल.

या कालगणितात जोखीमही आहे. थंडी अतिरेकी झाली तर मणी तडकतात. अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर केला जातो व पहाटे ठिबकमधून पाणी सोडले जाते. नोव्हेंबर-डिसेंबरमधील अवकाळी पाऊस फुलोऱ्यातील घडाची कूज करतो. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस झालेल्या गारपिटीने निफाड परिसरातील बागांचे मोठे नुकसान केले होते. म्हणजे थंडी हवी असते, पण तीही बेताची आणि वेळेवर.

५. वाईन उद्योगाची वाटचाल

महाराष्ट्रात आधुनिक वाईन उद्योगाचा प्रारंभ नाशिकमध्ये नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे झाला. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात तेथे इंडेज हा प्रकल्प उभारला. त्यांची फेसाळ वाईन परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली. नाशिक जिल्ह्यातही पिंपळगाव बसवंत येथे सहकारी तत्त्वावर फेसाळ वाईनचा प्रयोग झाला होता.

या उद्योगाला खरी गती मिळाली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत शिक्षण व नोकरी करून परतलेले राजीव सामंत यांनी नाशिकजवळील कौटुंबिक जमिनीवर वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. कॅलिफोर्नियातील वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. सन २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. सुला हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून घेतलेले आहे. २००५ मध्ये तेथे पर्यटकांसाठी चवकक्ष सुरू झाला व २००८ पासून संगीत महोत्सव भरू लागला. नाशिकमधील वाईन पर्यटनाचा पाया येथे घातला गेला.

दरम्यान राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून तयार होणाऱ्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत देण्यात आली व परवाना पद्धती सुलभ करण्यात आली. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभारण्यात आले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक निर्देशांकही लाभला. यॉर्क, सोमा, रेव्हिलो, व्हॅलोने अशा वाईनरी क्रमाने उभ्या राहिल्या. कर्नाटकातील ग्रोव्हर आणि इगतपुरी तालुक्यातील सांजेगावचा झांपा यांचे २०१२ मध्ये विलीनीकरण झाले. फ्रान्सच्या मोएत हेनेसी समूहाची ‘शाँदों’ ही फेसाळ वाईन २०१३ मध्ये बाजारात आली व तिचा प्रकल्प दिंडोरी तालुक्यात आहे. यॉर्क वाईनरी २०२१ मध्ये सुलाकडे आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुलाच्या समभागांची भांडवल बाजारात नोंदणी झाली.

या वाटचालीला दुसरी बाजूही आहे. २००१ नंतर वाईनच्या द्राक्षांची लागवड ज्या वेगाने वाढली त्या वेगाने वाईनचा खप वाढला नाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर साठे पडून राहिले, इंडेज अडचणीत येऊन बंद पडली आणि अनेक छोट्या वाईनरींची खरेदी थांबली. परिणामी कित्येक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची वाट धरली. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने हा अनुभव फार महत्त्वाचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

६. वाईनरी भेटीचे स्वरूप

वाईनरीची भेट साधारणतः तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा बागेचा असतो. खाण्याच्या द्राक्षांची बाग व वाईनची बाग यांतील फरक येथे डोळ्यांनी कळतो. थॉमसन सीडलेस, सोनाका किंवा तास-ए-गणेश या खाण्याच्या जातींचे मणी मोठे, लांबट व बिनबियांचे असतात. शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सॉव्हिन्यों या वाईनच्या जातींचे मणी लहान, गोल, बियांचे व जाड सालीचे असतात. वाईनच्या बागेत एकरी उत्पादन मुद्दाम मर्यादित ठेवले जाते, कारण वेलीवर घड कमी असल्यास प्रत्येक मण्यात चव अधिक साठते.

दुसरा टप्पा उत्पादनगृहाचा होय. पहाटेच्या गारव्यात तोडलेली द्राक्षे येथे लगेच आणली जातात. पांढऱ्या वाईनसाठी मणी दाबून रस वेगळा काढतात व तो सालीशिवाय आंबवतात. लाल वाईनसाठी रस सालीसह आंबवला जातो, कारण रंग व तुरटपणा सालीत असतो. किण्वामुळे साखरेचे रूपांतर मद्यार्क व कर्बवायू यांत होते. रसातील दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का मद्यार्क तयार होतो. ही क्रिया चालू असताना उष्णता निर्माण होते. ती आवरण्यासाठी पोलादी टाक्यांना थंड पाण्याचे वेष्टण असते. पांढरी वाईन साधारण १२ ते १६ अंशांवर, तर लाल वाईन २५ अंशांच्या आसपास आंबवली जाते. काही लाल वाईन ओकच्या लाकडी पिंपांत मुरवतात. पारंपरिक पद्धतीच्या फेसाळ वाईनला बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवले जाते व त्यातून निर्माण झालेला वायू बाटलीत कोंडला जातो.

तिसरा टप्पा चवकक्षाचा असतो. येथे चार-सहा प्रकारच्या वाईन घोटाघोटाने दिल्या जातात. आधी रंग पाहणे, मग वास घेणे व शेवटी घोट तोंडात फिरवणे, असा क्रम असतो. चव घेऊन घोट थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि त्याचा वापर करणे शिष्टाचाराला धरूनच आहे. चव न घेताही पहिले दोन टप्पे पूर्णपणे पाहता येतात, ही बाब अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. कायदेशीर वयोमर्यादा व विक्रीबंदीचे दिवस यांची माहिती भेटीपूर्वी घेणे इष्ट ठरते.

हंगामाच्या निवडीबाबत एक गैरसमज आढळतो. मुंबई व ठाणे परिसरातील पर्यटक पावसाळ्यात इगतपुरीचे धबधबे पाहण्यास जातात व त्याच फेरीत वाईनरीही उरकतात. त्या काळात बागेत केवळ पाने व काड्या असतात, घड नसतात. द्राक्षे व त्यांची प्रक्रिया पाहावयाची असल्यास जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा प्रारंभ हा काळ योग्य होय. छाटणीचे कौशल्य पाहण्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा एप्रिल महिना निवडावा.

७. उल्हासनगर ते नाशिक : प्रवास व सुरक्षितता

उल्हासनगर स्थानक कल्याण-कर्जत मार्गावर असल्याने कॅम्प २ मधील प्रवाशाला नाशिककडे जाण्यासाठी प्रथम उलट दिशेने कल्याणला यावे लागते अथवा रिक्षाने कसारा मार्गावरील शहाड गाठावे लागते. मात्र लोकल गाडी कसाऱ्यापर्यंतच जाते. त्यापुढील थळ घाटात रेल्वेमार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असून गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. म्हणून कल्याणहून थेट मेल-एक्स्प्रेस गाडी घेणे सोयीचे असते. कल्याण ते नाशिक रोड हे अंतर रेल्वेने सुमारे १३३ किलोमीटर आहे. पंचवटी एक्स्प्रेसचे वेळापत्रक नाशिकहून मुंबईला कामासाठी येणाऱ्यांना अनुकूल आहे. उलट दिशेने एका दिवसाची सहल करणाऱ्यास सकाळची तपोवन एक्स्प्रेस अधिक उपयोगी पडते. नाशिक रोडहून पुढील प्रवास मात्र भाड्याच्या वाहनानेच करावा लागतो, कारण बहुतेक वाईनरी गावाबाहेर, एकमेकींपासून दूर आहेत.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी मुंबई-आग्रा महामार्ग हा जुना मार्ग आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. भिवंडी तालुक्यातील आमणे येथून सुरू होणाऱ्या या मार्गावर सुमारे आठ किलोमीटर लांबीचा जोडबोगदा असल्याने घाटातील वळणे टळतात. या मार्गावर दुचाकीस परवानगी नाही.

वाईनरीहून परतीचा प्रवास हा या पर्यटनातील सर्वांत धोक्याचा भाग होय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. वाईन सौम्य असते म्हणून वाहन चालवण्यास हरकत नाही, ही समजूत चुकीची आहे. चवकक्षातील पाच-सहा घोट मिळून एक-दोन पेले होतात व त्यानंतर संध्याकाळच्या अंधारात घाट उतरावयाचा असतो. गटातील एकाने चव न घेणे, स्वतंत्र चालक नेमणे, मुक्काम करणे किंवा रेल्वेने परतणे हेच सुरक्षित पर्याय होत.

८. वाईन पर्यटन आणि द्राक्ष उत्पादक

वाईनरीत येणारा पर्यटक इमारत, टाक्या, उपाहारगृह व विक्रीकक्ष पाहतो. वाईनची बरीचशी द्राक्षे मात्र वाईनरीच्या आवारातील बागेतून नव्हे, तर आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या करारबद्ध बागांतून येतात. हा शेतकरी पर्यटकाला दिसत नाही. त्याच्या स्थितीतील मूलभूत अडचण पुढीलप्रमाणे आहे.

खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर शेतकरी दुसरी बाजारपेठ शोधतो, निर्यातदार बदलतो किंवा बेदाणा करतो. वाईनचे द्राक्ष लहान, बियांचे व जाड सालीचे असल्याने ते खाण्यासाठी विकले जात नाही. त्याचा ग्राहक एकच, तो म्हणजे वाईनरी. नव्या बागेला पहिले पीक येण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. मांडव, तारा, ठिबक व कलमे यांवरील खर्च त्याआधीच झालेला असतो. वाईनरीने खरेदी थांबवली तर शेतकऱ्यापुढे वेल उपटण्यावाचून पर्याय उरत नाही. २००८ नंतर नेमके हेच घडले. याउलट करार टिकला तर भाव आधी ठरलेला असल्याने शेतकऱ्याला बाजारातील चढउतारांपासून संरक्षण मिळते. म्हणजे वाईनच्या द्राक्षाचे हित-अहित सर्वस्वी कराराच्या टिकाऊपणावर अवलंबून असते.

येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरतो. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस सुमारे सव्वा किलो द्राक्षे लागतात. द्राक्षाचा भाव किलोमागे दहा रुपयांनी वाढला तर बाटलीचा खर्च साडेबारा रुपयांनी वाढेल. पाच टन द्राक्षे देणाऱ्या शेतकऱ्याच्या उत्पन्नात मात्र त्यामुळे पन्नास हजार रुपयांची भर पडेल. बाटलीच्या किमतीत जो फरक पर्यटकाच्या लक्षातही येणार नाही, तो शेतकऱ्याचे वर्षाचे गणित बदलू शकतो.

शासनाचे प्रोत्साहन प्रामुख्याने उत्पादकतेपेक्षा विक्रीशी निगडित राहिले आहे. वाईन उद्योग प्रोत्साहन योजनेनुसार वाईनवरील २० टक्के मूल्यवर्धित कराच्या ८० टक्के रकमेचा परतावा उद्योगास दिला जातो. २०२४ च्या प्रारंभी मंत्रिमंडळाने ही योजना पुढे चालू ठेवण्यास मान्यता दिली. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. त्या वेळी शेतकऱ्यांचे हित हे कारण पुढे करण्यात आले. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्यास विरोध केला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. या वादात दोन्ही बाजूंचे मुद्दे विचारार्ह आहेत. व्यसनाधीनतेमुळे कुटुंबांची होणारी हानी ही औद्योगिक वसाहतींच्या परिसरात नित्य दिसणारी वस्तुस्थिती आहे. त्याचबरोबर खप वाढल्याने शेतकऱ्याचा लाभ आपोआप वाढेल हे गृहीतकही तपासून पाहावे लागते, कारण लाभ कराराच्या अटींवर ठरतो, केवळ खपावर नाही. या दृष्टीने पर्यटन हा मधला मार्ग ठरू शकतो. त्यात अधिक बाटल्या विकण्याऐवजी ज्ञान, अनुभव व मुक्काम यांचे मूल्य मिळते.

९. अन्य देशांतील दोन उदाहरणे

स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातील व्हिस्परटर्मिनेन या गावी द्राक्षबागा सुमारे ११५० मीटर उंचीपर्यंत चढत गेल्या आहेत. दगडी बांधांच्या अरुंद पायऱ्यांवर गावकऱ्यांचे लहान-लहान तुकडे आहेत. तेथील वाईनरी या उत्पादकांच्या सहकारी संस्थेची आहे. त्यामुळे बाग पाहण्यास आलेला पर्यटक जी बाटली विकत घेतो, तिची किंमत गावातच राहते.

चीनमधील युन्नान प्रांतात ‘आओ युन’ या वाईनसाठी २२०० ते २६०० मीटर उंचीवरील तिबेटी खेड्यांतील बागा वापरल्या जातात. मालकी हक्क मोएत हेनेसी समूहाकडे असला तरी शेते छोट्या तुकड्यांत विभागलेली असून त्यांची मशागत स्थानिक कुटुंबे करतात. पहिल्या उदाहरणात मालकी शेतकऱ्यांची आहे, दुसऱ्यात ती कंपनीची आहे. मात्र दोन्ही ठिकाणी उंच डोंगरावरचे शेत व तेथील माणसे हीच वाईनची ओळख म्हणून सांगितली जातात. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्राला पहिल्या उदाहरणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

१०. उपाययोजना

१) वाईनरीच्या फेरीत करारबद्ध शेतकऱ्याच्या बागेची भेट समाविष्ट करावी व त्यासाठी शेतकऱ्यास स्वतंत्र शुल्क मिळावे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा यासाठी उपयोग करून घेता येईल.
२) बाटलीवर द्राक्ष ज्या गावातून आले त्या गावाचे नाव छापावे. भौगोलिक निर्देशांकाला त्यामुळे खरा अर्थ येईल.
३) करारात किमान खरेदीची हमी व खरेदी थांबवल्यास पूर्वसूचनेची मुदत स्पष्ट असावी.
४) नाशिक रोड व इगतपुरी स्थानकांवरून हंगामात वाईनरींसाठी सामायिक बससेवा सुरू करावी, म्हणजे मद्यपान करून वाहन चालवण्याचे प्रमाण घटेल.
५) महाविद्यालयांनी भूगोल, वाणिज्य व रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी चवकक्ष वगळून केवळ बाग व उत्पादनगृह यांची क्षेत्रभेट आयोजित करावी. उल्हासनगर परिसरातील महाविद्यालयांना हे अंतराच्या दृष्टीने सहज शक्य आहे.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, नाशिकचे पठार हे अँडीज किंवा आल्प्ससारखे उंच पर्वतीय क्षेत्र नाही. तरीही मध्यम उंची, कोरडा हिवाळा, पर्जन्यछाया आणि दोन छाटण्यांची पद्धत यांच्या संयोगातून तेथे थंड प्रदेशातील वाईनशी नाते सांगणारे द्राक्ष पिकते. या चार घटकांपैकी तीन निसर्गाचे असून चौथा पूर्णतः शेतकऱ्याचा आहे. पर्यटक मात्र पहिल्या तिहींचे कौतुक करून परततो.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या पर्यटकाला ही भूमी आता पूर्वीपेक्षा अधिक जवळ आली आहे. ही जवळीक केवळ विक्री वाढवणारी ठरली तर वाईन पर्यटन हे घाटापलीकडच्या एका महागड्या करमणुकीपुरते उरेल आणि पुढच्या मंदीत शेतकऱ्याला पुन्हा वेल उपटावी लागेल. योग्य हंगामात, सुरक्षित साधनाने आणि बागेपासून सुरुवात करून केलेली भेट मात्र ग्राहकाला उत्पादकाशी जोडू शकते. वाईन पर्यटनाचे यश बाटल्यांच्या संख्येवरून न मोजता, एप्रिलमध्ये खरड छाटणीसाठी किती शेतकरी निर्धास्तपणे बागेत उतरतात यावरून मोजणे अधिक उचित ठरेल.